श्वानशिशूंच्या अस्थिपीडेवर जलोपचार: गृहस्थांसाठी काही कलमे

अल्सेशियन जातीचे पिलू पाच-सहा महिन्यांचे झाले, म्हणजे एखाद्या प्रातःकाळी ते कोणतीही पूर्वसूचना न देता पुढचा उजवा पाय अधांतरी धरून लंगडत दिवाणखान्यात प्रवेश करते, आणि त्या क्षणापासून घरातील यच्चयावत कामकाज तहकूब होते. आजोबा वर्तमानपत्राची घडी करून चष्मा पुसतात, वहिनी गॅस बारीक करून बाहेर येतात, आणि काल संध्याकाळी पिलाला जिन्यावरून कोणी पळविले, पलंगावरून उडी मारावयास कोणी लावले, याविषयीचे जाबजबाब सुरू होतात. साक्षी, उलटतपासणी, जुन्या गुन्ह्यांचे दाखले असे सर्व सोपस्कार यथासांग पार पडून धाकट्या चिरंजीवांवर आरोप शाबीत होण्याच्या बेतात असतो, तोच आठ-पंधरा दिवसांनी ते पिलू उजवा पाय सुखेनैव जमिनीस टेकवून मागचा डावा पाय उचलते, आणि सगळा मुकदमा नव्याने उभा करावा लागतो. अशा समयी गृहस्थाने काय करावे, काय करू नये, आणि काहीच न करणे जेथे श्रेयस्कर असते तेथे आपण काहीतरी करीत आहोत असे समाधान कुटुंबीयांस कसे मिळवून द्यावे, याविषयीचे विवेचन येथे सादर केले आहे.

पीडेचे स्वरूप आधी ध्यानी घ्यावे. मोठ्या चणीच्या जातींत, आणि त्यातही अल्सेशियनमध्ये विशेषेकरून, साधारणतः पाचव्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत दंडाच्या, मांडीच्या आणि पोटरीच्या लांब हाडांत, त्यांच्या आतल्या पोकळीत, एक प्रकारचा दाह उद्भवतो. पशुवैद्य त्यास पॅनऑस्टिआयटिस म्हणतात, गृहस्थ वाढीचे दुखणे म्हणतात आणि पिलू काहीच म्हणत नाही. माद्यांपेक्षा नरांस त्याचा उपद्रव अधिक. तो का होतो, हे शास्त्रज्ञांस अद्याप निश्चित सांगता आलेले नाही. ही पीडा फिरतीवर निघालेल्या मामलेदाराप्रमाणे एका पायात दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकते, तेथील रयतेस यथेच्छ त्रास देते, आणि मग स्वतःच्या मर्जीने पुढच्या मुक्कामाकडे कूच करते. तिला कोणी पाचारण केलेले नसते, तिची बदली कोणाच्या अर्जावरून होत नाही, आणि पिलू दीड-दोन वर्षांचे झाले की बहुधा ती आपण होऊनच निवृत्त होते. वाचकाने हे शेवटले वाक्य पुन्हा एकवार वाचावे, कारण पुढे सांगितलेले सर्व उपचार त्याच्याच आश्रयाने यशस्वी होणार आहेत.

तथापि प्रथम कर्तव्य म्हणजे पशुवैद्यासमोर हजर होणे. लंगडणारे प्रत्येक पिलू वाढीमुळेच लंगडते असे गृहीत धरणे अनर्थकारक होय. तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा, पायरीवरून पडून मोडलेले हाड, खुब्याच्या सांध्याचा वंशपरंपरेने आलेला सैलपणा, कोपरातील दोष, आणि आपल्याकडे ज्याची शंका नेहमीच घ्यावी असा गोचिडांमुळे येणारा ताप, हे सारे लंगडेपणाच्याच वेषात येतात आणि त्यांची ओळख पटविणे हा घरगुती अखत्यारीतला विषय नव्हे. पशुवैद्य सांधे हलवून पाहतो, लांब हाडांच्या मधोमध बोटांनी दाब देतो, आणि सांध्यापाशी निमूट राहिलेले पिलू तेथे कळवळले तर त्याचा संशय बळावतो. क्ष-किरणांच्या चित्रात हाडाच्या पोकळीत डाग दिसतात. परंतु आरंभीच्या दिवसांत चित्र अगदी निर्दोष येते असेही घडते, आणि त्यावरून पिलू ढोंगी असल्याचा निष्कर्ष काढणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. पाय मुळीच टेकवत नसेल, सांध्यास सूज असेल, अंगात ताप असेल, किंवा ज्याने कालपर्यंत पायमोजे खाल्ले त्याची अन्नावरील वासना उडाली असेल, तर पाण्याची सर्व तजवीज बेमुदत स्थगित ठेवावी. वेदना तीव्र असता विश्रांती हाच उपचार. पाण्यात उतरण्याचा परवाना वैद्याकडून, तीव्रता ओसरल्यावर, शक्यतो स्पष्ट शब्दांत घ्यावा. मुंबईस परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यकाचे विद्यालय चालू असता, शेजारच्या अण्णांचे मत अंतिम मानण्याची जी वहिवाट आपल्या समाजात रूढ आहे, ती निदान या एका प्रकरणापुरती मोडण्यास हरकत नसावी.

अण्णांचा विषय निघालाच आहे, तर त्याचा निकाल येथेच लावणे बरे. पिलू लंगडते ही वार्ता जिन्याखाली पोहोचली की अण्णा वर येतात, हाडे कच्ची असल्याचे जाहीर करतात, आणि स्वतःच्या घरी उरलेली कॅल्शियमची बाटली उदार अंतःकरणाने बहाल करतात. या औदार्याचा आदरपूर्वक स्वीकार करावा, आभार मानावेत, आणि बाटली फळीवर ठेवून द्यावी. लहान वयातील पिलाच्या आतड्यास जादा कॅल्शियम नाकारण्याची शक्ती नसते. जितके पोटात जाईल त्यातला मोठा हिस्सा ते शोषून घेते, आणि नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे ग्रेट डेनच्या पिलांस अन्नातून जादा कॅल्शियम देऊन जे प्रयोग झाले, त्यांत हाडे बळकट होण्याऐवजी त्यांची घडण बिघडल्याचे आढळले. मोठ्या जातीच्या पिलांसाठी तयार केलेल्या अन्नात हवे तेवढे कॅल्शियम असतेच. त्यात अण्णांची भर पडली की दुखणे वाढण्याची तजवीज पूर्ण होते. अण्णांची दुसरी शिफारस आपल्या कंबरदुखीवरील गोळीची अर्धी फोड देण्याची असते. ती तर फळीवरही ठेवू नये. माणसांची आयब्युप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या जठरास व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात; डायक्लोफेनॅकची गोष्ट तर याहून भीषण आहे, कारण ते टोचलेल्या गुरांची प्रेते खाऊन या देशातील गिधाडे नामशेष होण्याच्या पंथास लागली, आणि अखेर २००६ साली सरकारला जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदीचा हुकूम काढावा लागला. कंबर अण्णांची, गोळीही अण्णांचीच असू द्यावी.

आता पाण्याकडे वळू. जलोपचाराचे सर्व रहस्य आर्किमिडीजच्या सिद्धांतात आहे, आणि ज्यांनी शाळेत तो घोकला परंतु त्याचा आयुष्यात कोठेही उपयोग केला नाही, अशा असंख्य सुशिक्षितांना त्याचे ऋण फेडण्याची ही संधी आहे. पाण्यात बुडालेल्या शरीरास पाणी वर उचलते, म्हणून पायांवरील भार घटतो. पण किती घटतो हे पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते, आणि हौशी मंडळी नेमकी येथेच फसतात. कुत्र्यांना निरनिराळ्या खोलीच्या पाण्यात उभे करून जी मोजदाद झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झाली, तीनुसार पाणी मागच्या घोट्यापर्यंत असता पायांवर ९१ टक्के वजन शिल्लक राहते, गुडघ्यापर्यंत असता ८५ टक्के, आणि खुब्यापर्यंत आले म्हणजे ते एकदम ३८ टक्क्यांवर येते. याचा अर्थ, न्हाणीघराच्या मोरीत चार बोटे पाणी साचवून त्यात पिलास अर्धा तास उभे करणाऱ्या गृहस्थाने त्याचे पाय धुतले, एवढेच म्हणता येईल. वीस किलोंचे पिलू खुब्यापर्यंतच्या पाण्यात साडेसात किलोंचे होते; आणि तरीही त्याच्या स्नायूंना पाण्याचा अवरोध कापीत चालावे लागत असल्यामुळे व्यायाम घडतो, तो मात्र हाडांस धक्का न देता.

पात्राची निवड हे यातील सर्वांत खर्चिक कलम होय. वीस किलोंच्या अल्सेशियनचा खुबा जमिनीपासून सुमारे चाळीस सेंटिमीटर उंचीवर असतो, आणि त्याने पाण्यात नुसते उभे न राहता चार पावले चालावीत अशी अपेक्षा असेल, तर पात्र निदान दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद हवे. त्यात चाळीस सेंटिमीटर पाणी म्हणजे आठशे लिटर, अर्थात सोळा लिटरांच्या पन्नास बादल्या. पिलू आत उतरल्यावर आर्किमिडीज पुन्हा धावून येतो: बासष्ट टक्के वजन पाण्याने उचललेले असल्यामुळे ते सुमारे साडेबारा लिटर पाणी स्वदेहाने बाजूस सारते, आणि तितक्याने पातळी चढून एका बादलीची, किंचित अपुरी का होईना, बचत होते. ही बचत जमाखर्चात अवश्य दाखवावी. पाणी तीस अंशांच्या आसपास असावे. हिवाळ्यात बावीस अंशांचे आठशे लिटर पाणी तीस अंशांवर न्यावयाचे तर सुमारे साडेसात युनिट वीज लागते. चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या टाकीतील पाणी हे काम फुकट करते, किंबहुना भर दुपारी ते इतके उत्साहाने करते की हात घालून पाहिल्यावाचून पिलास आत सोडू नये. मुलांचा फुगवण्याचा टब पिलाच्या नखांपुढे दोन मिनिटेही टिकत नाही. तळाशी रबरी चटई अंथरणे मात्र अपरिहार्य आहे, कारण दुखरे पाय गुळगुळीत तळावर घसरले म्हणजे उपचारानेच इजा व्हावयाची. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने आलेल्या पाण्यावर पुण्याचे हौद भरत, तेव्हा ही सर्व सोय दारात होती. हल्लीच्या गृहनिर्माण संस्थेत पन्नास बादल्यांचा अर्ज चिटणीसांपुढे ठेवणे हा स्वतंत्र आणि वेदनादायक अध्याय आहे. ज्यांस तो टाळावयाचा असेल त्यांनी पाण्याखाली चालता पट्टा बसविलेले एखादे जनावरांचे उपचारकेंद्र जवळपास असल्यास तेथे जावे. मोठ्या शहरांत तशी सोय होऊ लागली आहे, आणि तेथे पाणी भरण्याचे काम दुसऱ्याचे असते.

खर्च पाहून निसर्गाकडे धाव घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. शहरातून वाहणाऱ्या नदीविषयी नदीकाठी राहणाऱ्यांस काही सांगावयास नको. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो पिलास झाला तर मालकासही होण्याचा संभव असतो. लसीकरण पुरे होण्यापूर्वी तर कोणत्याही सार्वजनिक पाण्याचे नाव काढू नये. उन्हाळ्याच्या अखेरीस तळ्यावर हिरवा थर दिसला, तर तेथील शेवाळ कित्येकदा विषारी असते. कोकणात व गोव्यात समुद्र आहे, परंतु लाटेवर धावून जाणारे पिलू चार घोट खारे पाणी पिते, आणि परतीच्या वाटेवर ते सगळे गाडीत परत करते. पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकाकडे चौकशी करण्यास हरकत नाही. तो नियमावलीच्या फलकाकडे बोट दाखवील, आणि त्या फलकावर कुत्र्यांस मज्जाव असल्याचे लिहिलेले नसेल, तर आपण घरी पोहोचण्यापूर्वी ते लिहून होईल. राहिली विहीर. गावोगावी वडिलधाऱ्यांनी पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून आपणांस विहिरीत ढकलले आणि त्यातून आपण पोहावयास शिकलो, हे खरे. परंतु त्या पद्धतीत शिष्याच्या संमतीस स्थान नव्हते, आणि पाण्याविषयी एकदा धसका घेतलेले पिलू पुढे बादली दिसली तरी खाटेखाली जाते.

प्रत्यक्ष विधीसाठी तीन माणसे तैनात करावीत: एकाने खांदेपट्टा धरून पाण्यात पिलाच्या शेजारी असावे, दुसऱ्याने पलीकडच्या टोकास खाऊ घेऊन बसावे, आणि तिसऱ्याने पंचे घेऊन उभे राहून पहिल्या दोघांस सल्ला द्यावा, कारण सल्ला देणारा कोणी नेमला नाही तर तिघेही तेच काम करू लागतात. गळपट्ट्यास धरून ओढू नये. पोटभर जेवणानंतर निदान दोन तास पाण्यात नेऊ नये, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचे संकट ओढवते. पहिल्या दिवशी पात्र रिकामे ठेवावे, आणि पिलाने त्यात स्वतः जाऊन बसावे एवढीच मागणी असावी. दुसऱ्या दिवशी घोट्याइतके पाणी. मग क्रमाक्रमाने पातळी चढवीत खुब्यापर्यंत यावे. आरंभी दोन-तीन मिनिटे पुष्कळ होतात, आणि पुढे ही मुदत पाच मिनिटांपर्यंत नेण्यास काही आठवडे लावावेत. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. पोहण्यापेक्षा चालणे बरे, कारण पोहताना बहुतेक कुत्री पुढच्या पायांनीच सारी वल्हवणी करतात, आणि त्या दिवशी दुखणे पुढच्या पायात मुक्कामास असले तर उपचाराचे रूपांतर छळात होते. मागचा भाग खाली जाऊ लागला, धाप वाढली, किंवा ते काठाकडे पाहू लागले, की विधी तेथेच विसर्जित करावा. तरंगणारा चेंडू पाण्यात टाकू नये. तो तोंडात धरण्याच्या नादात पिलू पाणी गिळत राहते, आणि अतिशय पाणी पोटात जाणे हेही कुत्र्यास प्राणघातक ठरू शकते. आज्ञांच्या बाबतीत असे आढळते की मराठी घरातील कुत्र्याशी सर्वसाधारण व्यवहार इंग्रजीत चालतो, आणि ते पात्राच्या काठावरून निसटू लागले की एकाएकी शुद्ध मराठी सुरू होते. पिलाला दोन्ही समजतात. ते मानीत कोणतीच नाही.

बाहेर आल्यावर जे घडते त्याची पूर्वतयारी नसेल, तर सगळे शास्त्र निष्फळ होते. ओले कुत्रे नुसते अंग झाडून केसांतील सुमारे सत्तर टक्के पाणी काही सेकंदांत उडविते, आणि ही नैसर्गिक शक्ती वापरण्यासाठी ते नुकताच चुना दिलेली भिंत, वाळत घातलेली दुलई, किंवा इस्त्रीचे धोतर नेसून आलेला पाहुणा यांपैकी जे सर्वांत जवळ असेल त्याची निवड करते. सबब पात्रापासून घराच्या दारापर्यंतचा मार्ग निर्मनुष्य करून ठेवावा. उरलेले तीस टक्के पंच्याने टिपावेत. कानांत ओल राहिली तर खाज आणि पू यांचा सिलसिला सुरू होतो, म्हणून कानांच्या पाळ्या आतून हलक्या हाताने कोरड्या कराव्यात. काडीला कापूस गुंडाळून खोल खुपसणे हे वैद्याचे उत्पन्न वाढविण्याचे साधन होय. आठशे लिटर पाणी बागेत सोडावे, म्हणजे चिटणीसांस द्यावयाच्या उत्तरात एक सत्य वाक्य तरी असेल.

एक रोजकीर्द ठेवावी, आणि तीत दररोज कोणता पाय, किती लंगडला, पाण्यात किती मिनिटे, आणि त्यानंतर संध्याकाळी व दुसऱ्या सकाळी काय दिसले, एवढे लिहावे. विधीनंतर लंगडणे वाढत असेल तर मुदत कमी करावी, तरीही वाढत असेल तर विधी बंद करून रोजकीर्दीसह वैद्याकडे जावे. पाय बदलत जाण्याचा हा लेखी पुरावा त्यास मालकाच्या तोंडी हकिकतीपेक्षा फार मोलाचा वाटतो. या रोजकीर्दीचा दुसरा उपयोग कौटुंबिक आहे. एका पायातला मुक्काम दोन-तीन आठवड्यांत आपोआप उठतोच, आणि तिसऱ्या आठवड्यात जो उपाय चालू असेल त्यास यशाची सनद मिळते. मग तो निर्गुडीच्या पाल्याचा शेक असो, तिळाच्या तेलाचे मालिश असो, कुलदैवतास बोललेला नारळ असो, की हा जलोपचार असो. प्रत्येक उपायाचा कैवारी घरात असतोच, आणि आपलाच उपाय लागू पडला असे तो शपथेवर सांगतो. सांगू द्यावे. जलोपचाराची बाजू एवढीच की त्यात पाण्याचा आधार खरा आहे, स्नायू खरोखर राबतात, आणि मुख्य म्हणजे घरातील तीन-चार कर्ती माणसे पन्नास बादल्या वाहण्यात इतकी गुंतून पडतात की, त्या काळात पिलाला जिन्यावरून पळविण्यास, उड्या मारावयास लावण्यास, किंवा फळीवरची बाटली खाली काढण्यास कोणाच्याही अंगात त्राण उरत नाही.

आता एकच बाब राहिली, आणि ती अंमलबजावणीस सर्वांत कठीण आहे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रडोर कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोडीदारापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न मिळालेली कुत्री मध्यमानाने सुमारे पावणेदोन वर्षे जास्त जगली, आणि त्यांच्यात सांध्यांचे विकारही उशिरा उद्भवले. वाढत्या पिलाच्या फासळ्या हातास सहज लागाव्यात, कमरेपाशी ते किंचित आत गेलेले दिसावे, ही पशुवैद्यांची नित्याची अपेक्षा असते, आणि नेमक्या त्याच फासळ्या पाहून आजींच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. दिवसा सर्वांदेखत मोजून दिलेले अन्न, दुपारी सारे निजल्यावर तूप लावलेल्या पोळीच्या चतकोराने, सायीच्या वाटीने आणि श्रीखंडाच्या चाटलेल्या चमच्याने भरून निघते, आणि पाण्याने जे बारा किलो उचलून धरले त्यात आजी दर महिन्यास एक-दोन किलोंची भर घालीत असतात. त्यांना समोर बसवून, लॅब्रडोरच्या प्रयोगाची हकिकत सांगून, लेखी समज द्यावी. त्या ती शांतपणे ऐकून घेतील, कागदावर सहीदेखील करतील, आणि एवढ्या लहान जिवाला उपाशी ठेवणारी ती कोण माणसे, असे विचारीत पिलास जवळ बोलावतील. त्या वेळी त्यांच्या पदराच्या गाठीत काय आहे, हे तपासण्याचा अधिकार घरात कोणासही नाही.